टॅपेटमधली फट

बाकावर चार पेन्सिली पडल्या होत्या आणि त्यांतल्या तिनांची टोकं दाराकडे होती.

दाराकडे टोक म्हणजे पिकअप विकायची. भिंतीकडे टोक म्हणजे ठेवायची. या घरातले सगळे मोठे निर्णय कारखान्यातल्या या लांब बाकावर असेच होत आले होते. ज्याने त्याने आपली सुतारी पेन्सिल ठेवायची आणि सगळी टोकं एका दिशेला येईपर्यंत विषय मिटला असं म्हणायचं नाही. करवतीचं यंत्र असंच आलं. आत्याचं ठरलेलं लग्न असंच मोडलं, आणि त्या दिवशी सगळ्यांत जास्त आइस्क्रीम आत्यानेच खाल्लं.

आज भिंतीकडे टोक होतं ते एकट्या आत्याचं.

"भोंगा, तुझी ठेव की," मॅनेजर म्हणाला.

भोंगा त्याची मुलगी. घरातली सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत ऐकू येणारी. तिला यंदाच स्वतःची पेन्सिल मिळाली होती आणि ती पहिल्यांदा ठेवायची असल्यामुळे तिने ती तलवारीसारखी धरली होती. "सगळं ऐकून मग ठेवते."

"सगळं तर ऐकलंयस. भिंतीला कान लावून."

"पप्पा, तुमचं आणि आत्याचं भांडण ऐकायला भिंत लागत नाही. समोरच्या बेकरीवाल्यालाही दोन्ही बाजू पाठ आहेत."

मॅनेजर हे मिस्त्रींच्या थोरल्या मुलाचं शाळेपासूनचं नाव. तेव्हा तो वर्गातल्या पोरांना उंचीनुसार उभं करायचा, आता शोरूममध्ये कपाटांना करतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. गाडी म्हातारी झाली, इंजिनाचं काम निघालंय असं गॅरेजवालाही म्हणतो. आज दुपारनंतर एक माणूस येऊन ती घेऊन जाईल. मग माल पोचवायचं काम ट्रान्सपोर्टवाल्याला द्यायचं आणि आत्याने शोरूमच्या काउंटरवर बसायचं. "पंख्याखाली. गादीच्या खुर्चीत," तो दर वेळी म्हणायचा, आणि 'गादीच्या' हा शब्द इतक्या मायेने उच्चारायचा की आत्याची पाठ तिथल्या तिथे दुखू लागायची.

लायसन मिळालं त्या आठवड्यापासून आत्या ही गाडी चालवत होती. कुठल्या गल्लीत सोफा उभा न्यावा लागतो, कुठल्या जिन्याला वळणावर कपाटाचे पाय काढावे लागतात, कोणत्या घरातली आजारी बाई नवा पलंग आला की रडते, हे तिला ठाऊक होतं. काउंटरवर बसून हे सगळं काय करायचं? दिवसभर लोकांना रंगांच्या पट्ट्या दाखवायच्या?

"दादा, मी पुन्हा सांगते," ती म्हणाली, "इंजिन गेलेलं नाही. त्याला काहीतरी झालंय. गेलेलं आणि झालेलं यांत फरक आहे."

"सकाळी मी लाकूड आणायला नेतो तेव्हा तर छान चालते. मी स्वतःच्या तोंडाने म्हणतो ना, छान चालते. पण तुझ्याकडे आली की सिग्नलला थरथरते, बंद पडते. मग एक तर गाडी म्हातारी, नाहीतर तू."

"तू नेतोस किती लांब? वखारीपर्यंत. ती अजून जांभया देत असते तेव्हाच तू चावी काढतोस." आत्या थांबली. तिच्या भुवया वर गेल्या. "थांब. तू नेहमी गार गाडी चालवतोस. मी नेहमी गरम."

"बरं, मग?"

"मग काही नाही. आज सगळ्यांनी गरम गाडी बघायची. विकायची तर बघून विका."

मिस्त्री एवढा वेळ रंध्याचं पातं पुसत होते. या कारखान्याचे आणि या दोघांचे ते जनक. त्यांनी मान वर न करता फक्त एवढंच म्हटलं, "बघा. मला काय, मी आहेच इथे." आणि त्यांच्या त्या 'मला काय'मध्ये थोडा रुसवा होता, पण तो कुणाच्या लक्षात आला नाही.

*

अंगणात गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि इंजिन चालू. पहिली काही मिनिटं ते शहाण्या मुलासारखं चाललं. मॅनेजरने हात पसरून "बघा" असा चेहरा केला. मग हळूहळू त्याचा सूर बिघडला. एक ठोका गेला, दोन आले, पुन्हा एक गेला. सगळी गाडी उजवीकडून डावीकडे शहारायला लागली, नंबर प्लेट खुळखुळायला लागली आणि कार्बोरेटरमधून मधूनच शिंक आल्यासारखा 'फुस्स' आवाज यायला लागला.

"हे," आत्या म्हणाली. "हे मी रोज ऐकते."

मॅनेजरचे पसरलेले हात खिशात गेले.

"प्लग नवे टाकलेत मी," तो म्हणाला. "कार्बोरेटर साफ करून घेतलाय."

"माहीत आहे रे. म्हणून आता एकेक प्लगची वायर काढून बघू. चार सिलिंडर आहेत. जो काम करतोय त्याची वायर काढली की इंजिन आणखी लंगडेल. ज्याची काढून काहीच फरक पडणार नाही, तो आधीपासूनच झोपलाय."

"शॉक बसेल," भोंगा म्हणाली. "हजारो व्होल्ट असतात. आम्हाला अभ्यासात आहे हे."

"म्हणून लाकडाचा चिमटा हवा. बाबा..."

मिस्त्री आधीच आत गेले होते. ते दोन सुक्या पट्ट्यांचा, टोकाला खाच मारलेला चिमटा घेऊन बाहेर आले. पट्ट्यांच्या कडासुद्धा त्यांनी घासल्या होत्या. हातात धरायची वस्तू होती, तिला कुसळ असून कसं चालेल.

आत्याने पहिली वायर उचलली. इंजिन दचकलं, बुडू लागलं. तिने ती परत बसवली. चौथी काढली, तसंच. दुसरी काढली तेव्हा इंजिनाने जेमतेम दखल घेतली. तिसरी काढली.

काहीच नाही. तसंच थरथरणं, तीच शिंक.

"तीन नंबर गैरहजर," भोंगाने गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर केलं. "दोन नंबर मागच्या बाकावर डुलक्या घेतोय."

"हळू बोल, बेकरीवाला बाहेर आला," तिची आई म्हणाली. पण ती स्वतःही जवळ सरकली होती.

तिला घरातही सगळे सिस्टर म्हणत, कारण ती इस्पितळात सिस्टर होती आणि घरातही तिचा आवाज वॉर्डातलाच असे. तिची पेन्सिल दाराकडे होती. तिने ती नवऱ्यासाठी ठेवली नव्हती. अपघातात सापडलेली माणसं स्ट्रेचरवरून कशी येतात हे तिने पाहिलं होतं, आणि गर्दीच्या रस्त्यात बंद पडणारी गाडी आपल्या नणंदेच्या हाती असावी हे तिला पटत नव्हतं. पण समोर धाप लागलेलं काहीही असलं की सिस्टरला हात बांधून उभं राहता येत नाही. ती घरात गेली आणि स्टेथोस्कोप घेऊन आली.

"अगं, इंजिन आहे ते," मॅनेजर म्हणाला.

"मला दिसतंय. सरका."

स्टेथोचा गोल भाग तिने इंजिनाच्या डोक्यावरच्या पत्र्यावर, टॅपेट कव्हरवर, रुमाल गुंडाळून टेकवला. पुढून मागे सरकवत गेली. डोळे मिटले. मग कपाळाला आठी घातली.

"काय ऐकू येतंय?" आत्याने विचारलं.

"तेच तर. काही येत नाही." सिस्टरने कानातून नळ्या काढल्या. "वन्सं, इथे पूर्वी टिकटिक असायची ना? तू गाडी घेऊन गल्लीत शिरलीस की शिवणयंत्र आल्यासारखं वाटायचं. मी त्यावरून गॅस पेटवायची."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. टिकटिक. ती होती, कायम होती, इतकी की तिला ती ऐकू येणंच थांबलं होतं. आणि मग ती कधी गेली हेही ऐकू आलं नाही. थरथरीच्या मागे लागून गेलेल्या आवाजाकडे कुणी बघितलंच नव्हतं.

"आवाज गेला तर चांगलंच की," मॅनेजर म्हणाला.

"वॉर्डात रडणाऱ्या बाळाची मला काळजी नसते," सिस्टर म्हणाली. "रडणारं एकदम गप्प झालं की मी धावते." तिने स्टेथो गळ्यात अडकवला, आत गेली, आणि उघड्या दारातून सगळ्यांना दिसलं की तिने बाकावरची आपली पेन्सिल अर्धी फिरवली. भिंतीकडे नाही, पण दाराकडेही नाही. खिडकीकडे.

"असं चालत नाही," मॅनेजर म्हणाला.

"निदान चालू आहे तोवर असं चालतं," सिस्टर म्हणाली.

भोंगाचं डोकं मात्र भलतीकडे धावत होतं. "आवाज आपला आपण जात नाही. कुणीतरी घालवावा लागतो. कुणी घालवला?"

"मी," मिस्त्री म्हणाले.

*

मिस्त्रींना हे सांगायला बरं वाटलं. खरं तर गेले कित्येक दिवस ते वाट बघत होते. सगळे एका लग्नाला गेले होते त्या दिवशी त्यांनी ते काम केलं होतं, एकट्याने, कारण ती टिकटिक त्यांच्या डोक्यात जाऊन बसली होती. पत्रा उघडला. आत आठ छोटे दांडे, म्हणजे टॅपेट, आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाशी फट. आठच्या आठ ठिकाणी. त्यांना तेव्हा जे वाटलं ते त्यांनी आताही लपवलं नाही.

"फट होती," ते म्हणाले. स्वयंपाकघरात झुरळ होतं, अशा सुरात.

ज्या माणसाच्या टेबलाच्या सांध्यात नख शिरत नाही, ज्याच्या कपाटाचं दार लावलं की आतली हवा 'फुप्' करते, त्या माणसाच्या अंगणात आठ फटी रोज ये-जा करत होत्या. त्यांनी पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन एकेक मिटवत आणली. केस जाणार नाही अशी. गाडी सुरू केली तर गप्प. ते मागे उभे राहून त्या शांततेकडे बघत राहिले होते, चांगलं पॉलिश बघावं तसे.

"मला वाटलं, कुणीतरी म्हणेल आवाज गेला म्हणून," ते म्हणाले. "कुणी नाव काढलं नाही. आणि वर ती बिघडली. तेव्हा म्हटलं, एवढं नीट करूनही बिघडते तर खरंच म्हातारी झाली. द्या विकून."

आत्या मडगार्डवर बसली. आधी तिचे खांदे हलले, मग हसण्याचा आवाज आला, मग तिला डोळे पुसावे लागले.

"बाबा, मी दोन वेळा प्लग बदलले," मॅनेजर म्हणाला. "कार्बोरेटर उघडून घेतला. गॅरेजवाल्याची बोलणी खाल्ली. तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस का?"

"तुम्हाला इंजिनाचं कशाला विचारेन मी?"

"म्हणूनच बोललो नाही."

सिस्टर हसू दाबण्यासाठी स्टेथोच्या नळ्या पुसू लागली.

"आजोबा," भोंगा त्यांच्याजवळ गेली, आणि आश्चर्य म्हणजे हळू बोलली. "इंजिन तापलं की लोखंड फुगतं. ते दांडे खाली दाबले की आतली झाकणं उघडतात. फट अजिबात नसेल तर तापल्यावर झाकण पुरतं मिटतच नाही. अधांतरी राहतं. मग आतला दाब निसटतो. गार असताना ठीक, गरम झालं की थरथर."

मिस्त्रींनी ऐकलं. नाक खाजवलं. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांनी आयुष्यभर बसवलेली दारं आली. दाराच्या चौकटीत मधली फळी ते कधीच चिकटवत नसत. खाचेत मोकळी सोडायचे, दमट हवेत फुगायला जागा हवी म्हणून. चिकटवली तर चौकट फाटते. हे त्यांनी स्वतः दोन्ही पोरांना कानाला धरून शिकवलं होतं.

"म्हणजे खाचेतल्या फळीसारखं," ते म्हणाले.

"तेच, बाबा," आत्या म्हणाली.

"पण ती फट खाचेत असते. दिसत नाही." ते गाडीकडे बघत होते, जरा अपराधी, जरा अजून चिडलेले. "ही दिसत होती."

*

इंजिन गार होईपर्यंत जेवणं उरकली. मग टॅपेट कव्हर निघालं आणि काम सुरू झालं. काम म्हणजे काय, तर गाडी गिअरमध्ये टाकायची आणि बोटबोटभर पुढे ढकलायची, म्हणजे इंजिन फिरतं आणि एकेक झाकण पूर्ण मिटलेल्या जागी येतं. ते मिटलं की त्या दांड्याची फट मोजून ठेवायची. ढकलायला मॅनेजर आणि सिस्टर. ओरडायला भोंगा.

"पुढे. पुढे. थांबा. पप्पा, थांबा म्हणजे थांबा. मागे."

"ही वर्गात अशीच वागते का?" मॅनेजरने धापा टाकत बायकोला विचारलं.

"वर्गात ही मॉनिटर आहे. तुमच्यावरच गेली."

आत्याने डॅशबोर्डच्या कप्प्यातून फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा काढला, त्यातली एक वेगळी केली, आणि स्वतः न वाकता ती वडिलांच्या हातात दिली. घरात कुणालाही विचारा, मिस्त्रींपेक्षा नेमका हात कुणाचाच नव्हता.

"किती ठेवायची?" मिस्त्रींनी विचारलं. लेकीला माप विचारायची ही त्यांची पहिलीच खेप, आणि ते दोघांनाही जाणवलं.

"पट्टी आत सरकली पाहिजे. सरकताना किंचित धरली पाहिजे. अडकायला नको."

"नुकताच रंधा मारलेल्या फळीवरून हात फिरवल्यासारखी."

"हो. तशी."

ते वाकले. पान्याने नट सैल, स्क्रू जरासा मागे, पट्टी आत, पुन्हा जरासा पुढे, नट घट्ट. पट्टी पुन्हा सरकवून बघितली. मान हलवली. तिसऱ्या सिलिंडरपाशी आले तेव्हा दांडा इतका आवळलेला होता की स्क्रू सोडताना 'कट्' आवाज झाला, आणि मिस्त्रींनी लेकीकडे न बघता म्हटलं, "हा जरा जास्तच झाला होता."

"जरासाच," आत्या म्हणाली.

सगळं झाल्यावर तिने चावी फिरवली. गाडी सुरू झाली, आणि तिच्यासोबत ती टिकटिकही. टिकटिकटिकटिक. मिस्त्रींचा चेहरा पॉलिश केलेल्या टेबलावर कुणी ओला पेला ठेवल्यासारखा झाला. पण त्यांनी हात मागे बांधले आणि उभे राहिले. सगळेच उभे राहिले. काटा वर चढला, गरमच्या खुणेवर स्थिर झाला. नंबर प्लेट गप्प होती. कार्बोरेटर शिंकला नाही. चारही ठोके एकामागोमाग, पायऱ्या उतरल्यासारखे.

मिस्त्री आत गेले आणि त्यांनी आपली पेन्सिल फिरवली. सिस्टरने आपली खिडकीकडून भिंतीकडे वळवली. भोंगाने आपली पहिली पेन्सिल इतक्या दिमाखात ठेवली की ती घरंगळून खाली पडली आणि तिला ती परत ठेवावी लागली.

उरली एक.

मॅनेजरने ती उचलून कानामागे खोचली. "गाडीत बसून ठरवतो," तो म्हणाला. "अंगणात काय, सगळंच चालतं."

*

तो आत्याच्या शेजारी बसला आणि दाराच्या वरचा दांडा धरला. रस्ता मोकळा होता, तरी सोडला नाही.

आत्याला ते दिसलं. "एवढं घट्ट कशाला धरलंयस? घोडा आहे का हा?"

पुलावर आले तसं त्याचं लक्ष कठड्याकडे गेलं. इथेच ती अडकली होती, मागे कपाट लादलेलं, गाडी बंद, मागे भोंग्यांची रांग. तिचा फोन लागत नव्हता. तो शोरूम तसंच उघडं टाकून धावत आला होता, आणि धावताना त्याने काय काय डोळ्यांसमोर आणलं ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. येऊन बघतो तर ही मधोमध उभी राहून शिट्टी वाजवत गाड्या वळवत होती, हसत. तिच्यासाठी ती गंमत होती. त्याला त्या रात्री जेवण गेलं नव्हतं. गादीची खुर्ची तिथेच, त्या पुलावर ठरली होती.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "मी इथपर्यंत धावत आलो होतो."

"माहीत आहे. तुझा शर्ट उलटा होता."

"मला वाटलं..."

"मला कळलं होतं रे तुला काय वाटलं ते." तिने गिअर बदलला. "पण मला घरी बसवून तुझी काळजी मिटणार नाही, दादा. काउंटरवर बसले तरी तू मागून येऊन पंखा नीट लावलाय का बघशील."

तो हसला. नाइलाजाने, पण हसला.

पुलाच्या पलीकडचा मोठा सिग्नल लाल झाला. हाच तो, जिथे गाडी रोज दम तोडायची. आत्याने क्लच दाबला, गिअर मोकळा केला आणि पाय काढून घेतला. एक्सिलेटरवर काही नाही. आजूबाजूला बस, स्कूटर, एक दुधाचा टँकर. पिकअप त्यांच्यामध्ये उभी राहिली आणि सावकाश, सरळ, टिकटिकत चालू राहिली. आरशात मागच्या बसचा नंबर वाचता येत होता, एकही आकडा हलत नव्हता. मॅनेजर आरशाकडे बघत होता, मग आपल्या हाताकडे. हात दांड्यावरून कधी खाली आला होता त्याला कळलं नव्हतं.

त्याचा फोन वाजला. गाडी न्यायला येणारा माणूस.

"हो, बोला," मॅनेजर म्हणाला. "नाही, घरी नाही, गाडीतच आहे. त्याच गाडीत." पलीकडचा काहीतरी बराच वेळ बोलत राहिला. आत्या समोरच्या लाल दिव्याकडे बघत होती आणि तिचे कान मात्र पूर्ण डावीकडे होते.

"काय म्हणालात? आवाज?" मॅनेजरने फोन जरा लांब धरला, इंजिनाकडे, मग परत कानाला लावला. "टॅपेटचा आहे तो. अहो, बिघाड कसला, तो यायलाच पाहिजे. नाही आला तर काळजी करायची." तो थांबला. "नाही हो, तुम्ही नका येऊ. गाडी नाही द्यायची. रोज लागते आम्हाला, माल कोण पोचवणार?"

दिवा हिरवा झाला होता. मागच्या बसने भोंगा वाजवला, मग टँकरने. आत्या तशीच बसून राहिली, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"अगं चल की," मॅनेजर फोन खिशात टाकत म्हणाला. "आणि उद्या ते डॉक्टरांचं कपाट आहे. लवकर निघ, त्यांचा जिना अरुंद आहे."

"पाय काढून न्यावं लागेल," आत्या म्हणाली, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.